वाडी, रहाट आणि जपमाळ: वसईच्या ख्रिस्ती शेतकरी गृहिणीचा इतिहास

मराठी वाचकाच्या मनात ‘ख्रिस्ती स्त्री’ म्हटले की बहुधा दोन चेहरे उभे राहतात, एक पंडिता रमाबाईंचा आणि दुसरा लक्ष्मीबाई टिळकांचा. या दोघीही उच्चवर्णीय घरांत जन्मल्या, प्रौढ वयात नव्या धर्मात आल्या आणि दोघींनीही आपल्या आयुष्याविषयी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, तेव्हापासून त्या पुस्तकाला मराठी आत्मचरित्रांत मानाचे स्थान आहे. परंतु जी स्त्री पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती घरातच जन्मली, ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी नांदायला गेली, जिने चिखलात उभे राहून भात लावले, केळीच्या बागेला पाणी दिले, मुले वाढवली आणि दिवस मावळल्यावर घरातल्या सर्वांना वेदीसमोर गुडघे टेकायला लावले, तिचे पुस्तक झाले नाही. मराठी मुलखात अशी स्त्री सर्वांत ठळकपणे आणि सर्वांत दीर्घ काळ दिसते ती वसईच्या किनारपट्टीवर, आणि तिचा इतिहास अक्षरांत कमी, जमिनीच्या, पाण्याच्या आणि प्रार्थनेच्या व्यवहारात अधिक नोंदलेला आहे.

हा इतिहास वसईतच का शोधावा लागतो, हे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले की नीट कळते. आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे इंग्रजी अमदानीत भंडारा जिल्ह्यातील एका जमीनदारीचे, म्हणजे सरकारला ठरावीक देणे देऊन वंशपरंपरेने सांभाळल्या जाणाऱ्या मोठ्या वनप्रदेशाचे गाव होते. भोवताली जंगल, गोंड व हलबा समाजांची वस्ती आणि पावसावरचे भात अशी तेथील शेतीची घडण होती. पूर्व विदर्भात ख्रिस्ती धर्माचा संघटित प्रसार स्कॉटिश मिशनमार्फत झाला. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर भागात आले आणि त्यानंतरच्या काळात शाळा, दवाखाना आणि महाविद्यालय याच वाटांनी हा धर्म तेथील लोकांपर्यंत पोहोचला. तेथे ख्रिस्ती स्त्रीची ओळख शिक्षिका किंवा परिचारिका अशी घडली, शेतकरीण अशी नव्हे. वसईत मात्र धर्म आला तो थेट शेतकरी समाजात, आणि तोही जवळपास पाच शतकांपूर्वी. त्यामुळे चिचगडच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला वसईच्या शेतात भाताची लावणी करणारी बाई कामाने ओळखीची वाटेल. वेगळी वाटेल ती तिच्या गळ्यातली क्रूसाची माळ.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, वसई हे पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे होते. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या संन्यस्त संघांच्या धर्मगुरूंनी या काळात गावोगावी चर्चे उभारली. संत फ्रान्सिस झेवियर हेही वसईस येऊन गेले. धर्मांतरात सत्तेचे दडपण किती आणि मनाची ओढ किती, हा प्रश्न इतिहासकारांनी वारंवार चर्चिला आहे आणि त्याचे एकच उत्तर सर्व गावांना लागू पडत नाही. निश्चित सांगता येते ते इतकेच की, बागायत करणारे सामवेदी आणि वाडवळ समाज मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, त्यांची आडनावे परेरा, लोपीस, डाबरे, तुस्कानो, रॉड्रिग्ज अशी झाली, पण त्यांची जमीन, पिके, बोली आणि लुगडी बदलली नाहीत. सामवेदी ख्रिस्ती लोक स्वतःला कुपारी म्हणवतात आणि त्यांची बोली कादोडी या नावाने ओळखली जाते; ही बोली मराठीच्याच कुळातील असून कुपारी स्त्रीच्या तोंडी आजही जिवंत आहे.

याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मले. जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रूसावर मरण आले आणि १८६२ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले. या पुत्राचा सण वसईत दरवर्षी थाटाने होतो. ज्या वसईकर स्त्रीने त्याला वाढवले तिच्याविषयी सण काही सांगत नाही, आणि या प्रदेशातील मातांच्या इतिहासाचे हेच दुर्दैव आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज धर्मगुरूंपैकी बहुतेक निघून गेले आणि अनेक चर्चे ओस पडली. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला टांगलेल्या पोर्तुगीज घडणीच्या घंटा त्या मोहिमेची साक्ष आजही देतात. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. सत्ता गेली, धर्मगुरू विरळ झाले, गावाला वेळ सांगणारी घंटाही काही ठिकाणी उतरली, तरीही वसईच्या शेतकऱ्यांचा धर्म टिकला. देऊळ किंवा चर्च यांच्या आधाराशिवाय धर्म टिकतो तेव्हा तो घरात टिकलेला असतो, आणि घरातील नित्य प्रार्थना, मुलांकडून पाठ करून घेतलेले मंत्र, उपवासाचे दिवस आणि मृतांची आठवण हे सारे व्यवहार त्या काळी स्त्रीच्या हाती होते. अठराव्या शतकातील वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना तहांची कलमे पुष्कळ वेळा उद्धृत होतात. या घरगुती परंपरेला मात्र तिचे न्याय्य श्रेय क्वचितच मिळते.

या स्त्रीचे कार्यक्षेत्र म्हणजे वाडी. वसईत वाडी म्हणजे घराला लागून असलेली बागायती जमीन, जिच्यात केळी, विड्याच्या पानांचे वेल, भाजीपाला, मोगरा, जुई आणि पुढच्या काळात इतर फुले घेतली जात. भाताची शेते बहुधा वाडीपासून दूर, सखल भागात असत. पावसाळ्यात भात आणि उरलेले आठ महिने वाडी, असे वर्षाचे दोन भाग पडत. वाडीला पाणी मिळे ते रहाटाने. रहाट म्हणजे विहिरीवर बसवलेले मोठे लाकडी चाक, ज्यावरून दोराची माळ विहिरीत सोडलेली असे आणि त्या माळेला मातीची गाडगी बांधलेली असत. बैल किंवा रेडा गोल फिरू लागला की दातेरी चाके एकमेकांना फिरवत आणि भरलेली गाडगी एकामागून एक वर येऊन पन्हळीत रिकामी होत. जनावर हाकायला पुरुष किंवा मोठा मुलगा असला तरी पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवणे, माती ओढून पाट बांधणे आणि फोडणे, फुटलेली गाडगी बदलणे ही कामे घरातील बायकांकडे येत. लाल लुगड्याचा काचा मारून पहाटेच्या अंधारात वाफ्यात उभी असलेली कुपारी स्त्री ही या किनाऱ्याची शतकानुशतकांची ओळख होती, आणि लाल लुगडे आजही त्या समाजाचा पारंपरिक पोशाख मानला जातो.

विहिरीला पाणी राहावे यासाठी वसईत बावखले खोदलेली असत. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचे छोटे तळे, ज्यात पावसाचे पाणी साठून हळूहळू जमिनीत मुरे आणि समुद्राच्या जवळ असूनही विहिरीचे पाणी गोडे राही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या वाचकाला येथे बोडीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. भंडारा-गोंदिया भागात भाताला शेवटचे पाणी देण्यासाठी शेताच्या वरच्या अंगाला बांधलेली ती छोटी तळी आणि वसईची बावखले यांचे काम वेगळे असले तरी त्यांमागचे शहाणपण एकच आहे. दोन्ही ठिकाणी पाण्याची जपणूक ही सरकारी योजना नव्हती, तर शेतकरी कुटुंबाची सवय होती, आणि तळ्याकाठच्या बहुतेक कामांत धुणे, भांडी, जनावरांना पाणी पाजणे या निमित्ताने बाईचाच वावर असे.

या श्रमाच्या दिवसाला प्रार्थनेने आकार दिलेला होता. चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाजे. त्या घंटेबरोबर म्हणायच्या प्रार्थनेला आंजेलूस म्हणतात आणि देवदूताने मरियेला दिलेला निरोप हा तिचा विषय आहे. घंटा ऐकू आली की वाफ्यातील काम थांबवून डोक्यावर पदर घेऊन ती प्रार्थना म्हणण्याचा रिवाज होता, म्हणजे चर्चचा दिवस आणि शेताचा दिवस एकाच मापाने मोजला जाई. संध्याकाळी घरोघरी जपमाळेची प्रार्थना होई. जपमाळ, जिला रोझरी असेही म्हणतात, ही दहा-दहा मण्यांच्या पाच संचांची माळ; प्रत्येक संचाला ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या जीवनातील एक प्रसंग मनात आणून ‘नमो मरिया’ ही प्रार्थना दहा वेळा म्हणायची असते. घरातील आजी किंवा आई प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणे आणि इतर सर्व उत्तरार्ध म्हणत. दिवसभर राबलेली मुले पेंगू लागत, तरी माळ पूर्ण होईपर्यंत कोणी उठत नसे. मे महिन्यात वस्तीतील क्रूसाजवळ सारे शेजारी जमत आणि लदीन गात. लदीन म्हणजे मरियेला किंवा संतांना एकेका नावाने हाक मारून त्यांची मध्यस्थी मागणारी दीर्घ प्रार्थना, जिचे नाव पोर्तुगीज भाषेतून आले.

चर्चमधील मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांच्या अर्पणाचा मुख्य विधी, मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिन भाषेत चाले आणि त्यातील शब्द या स्त्रीला समजत नसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, त्यानंतर लोकभाषांना वाट मिळाली आणि वसईच्या चर्चांत मराठी मिस्सा होऊ लागली. हा बदल पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या दृष्टीने मोठा होता, कारण पूर्वीच्या पिढीतील कितीतरी शेतकरी स्त्रियांना शाळा मिळाली नव्हती आणि बायबलातील कथा त्यांना ऐकूनच माहीत होत्या. आता ज्या भाषेत त्या बाजारात भाव करीत आणि मुलांना रागावत, त्याच भाषेत वेदीवरून वाचन ऐकू येऊ लागले. मराठीतून ख्रिस्तकथा सांगण्याची परंपरा तशी जुनी. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते. पण पुराणाची ओवी आणि विधीची भाषा एक व्हायला साडेतीन शतके लागली. पुढे ‘सुवार्ता’ हे मासिक आणि त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले, नंदाखालच्या शेतकरी समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा मराठीपणा घराघरांत नेला.

शेती आणि श्रद्धा यांची गाठ जिथे सर्वांत स्पष्ट दिसते तो सण म्हणजे आगेरा. मुंबई-वसईच्या मूळ ख्रिस्ती समाजांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हा सुगीचा सण होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागतात आणि मग त्या घरी आणून जपून ठेवतात. नवान्नाची ही चाल हिंदू शेतकऱ्यांतही आहे, आणि धर्म बदलल्यावर तिचे रूप बदलले, मूळ भावना कायम राहिली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. लग्नातील उंबराच्या पाण्याचा विधी, ज्यात वाजतगाजत बायका विहिरीवरून पाणी आणतात, तोही याच जातीचा. नंदाखालजवळच्या निर्मळ येथे विमलेश्वराच्या देवस्थानाची कार्तिकातली जत्रा भरते, तेव्हा ख्रिस्ती शेतकरी घरांतील बायका तेथे खरेदीला जातात, यातही कोणाला काही वावगे वाटत नाही.

चर्चने जगभरात ज्यांना संतपद दिले त्यांत राजे, विद्वान, धर्मगुरू आणि जोगिणी पुष्कळ आहेत, शेतकरी मात्र फार थोडे. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या जमिनीत नांगर धरणारा इसिदोर याला १६२२ मध्ये लोयोलाचा इग्नेशियस आणि फ्रान्सिस झेवियर यांच्याच बरोबरीने संत म्हणून घोषित करण्यात आले आणि तो शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत झाला. त्याची पत्नी मारिया हीही एका मुलाची आई आणि शेतकऱ्याच्या घरची गृहिणी होती. चर्चने तिलाही धन्य ठरवले, पण १६९७ मध्ये, पतीनंतर पंचाहत्तर वर्षांनी. वसईच्या शेतकरी स्त्रीला वेदीवर स्वतःसारखी बाई पाहायची असेल तर ती या मारियेतच सापडेल.

घराची मिळकत वाढवण्याचे जे हुन्नर या स्त्रियांकडे होते त्यांतील सर्वांत नाजूक म्हणजे सुकेळी. आगाशी आणि आसपासच्या गावांतील राजेळी जातीची केळी पूर्ण पिकली की सोलून उन्हात मांडतात. संध्याकाळी दव लागू नये म्हणून ती उचलून गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची, मधून उलटी करायची, माशी आणि धूळ यांपासून जपायची. असे सात-आठ दिवस गेले की केळे आक्रसते, मधासारख्या रंगाचे होते आणि त्याला चिकट, दाट गोडी येते. ढग आले तर सारा माल वाया जातो. केळीच्याच वाळक्या पानांत बांधलेली ही सुकेळी महिनोन्‌महिने टिकतात. साखर किंवा कोणताही मसाला न घालता केवळ ऊन आणि लक्ष यांवर होणारे हे काम किती वेळ खाते हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. म्हणूनच सुकेळी करणारी घरे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

बाजारात जाणे हेही तिचेच काम होते. रेल्वेपूर्वी वसईचा माल होड्यांनी मुंबईला जाई. १८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईपर्यंत पोहोचला आणि एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. त्यानंतर वसईच्या वाडीला मुंबई ही कायमची बाजारपेठ मिळाली. आदल्या दिवशी तोडलेली भाजी, पाने आणि फुले टोपल्यांत रचून, ओले फडके घालून, पहाटेच्या गाडीच्या सामानाच्या डब्यात चढणाऱ्या बायका हे या मार्गावरचे नित्याचे दृश्य झाले. दादरला माल देऊन, पैसे कनवटीला लावून दुपारपर्यंत परत यायचे आणि पुन्हा वाफ्यात उतरायचे, असा त्यांचा क्रम असे. घरात रोख पैसा पाहणारी आणि मोजणारी पहिली व्यक्ती बहुधा तीच होती. सावकाराच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये बॅसीन कॅथोलिक सहकारी पतसंस्था निघाली, जी पुढे मोठी बँक झाली. तिच्या ठेवींत या टोपल्यांच्या पैशाचा वाटा असणार, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

मात्र ज्या जमिनीवर ती राबली ती तिच्या नावावर क्वचितच असे. कायदा या बाबतीत तिच्या बाजूने होता, हे विशेष आहे. १८६५ च्या आणि नंतर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पुरुषाच्या मालमत्तेचा एकतृतीयांश भाग विधवेला आणि उरलेला दोनतृतीयांश भाग मुलांना मिळतो, आणि त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही. हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो २००५ मध्ये, म्हणजे ख्रिस्ती मुलीला समान वाटा देणारा कायदा त्याहून किती जुना होता हे दिसते. तरीही महाराष्ट्रात इतरत्र जे घडते तेच येथेही घडले. भावाचे घर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या दस्तावर, सही करीत आल्या. भक्तीने शिकवलेला त्याग येथे व्यवहारात तिच्याच विरुद्ध गेला, हे मान्य करायला हवे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रहाट जाऊन आधी तेलाची इंजिने आणि मग विजेचे पंप आले. पाणी उपसणे सोपे झाले तसे ते विकणेही सोपे झाले, टँकर भरून पाणी बाहेर जाऊ लागले आणि किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींना खारे पाणी लागले. मुंबईला घरे हवी होती. वाड्यांवर इमारती उठू लागल्या आणि बावखले बुजवली गेली. फादर दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने या विध्वंसाविरुद्ध जो लढा दिला, त्याच्या मोर्चांत लाल लुगड्यातील स्त्रिया होत्या, आणि ते स्वाभाविक होते, कारण जे नष्ट होत होते ते त्यांच्याच हातचे काम होते. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हाही ग्रामीण पट्ट्यातील अनेक गावांनी आपल्याला तिच्यातून वगळावे अशी मागणी लावून धरली. या सर्व काळात मुली शिकल्या, शिक्षिका, परिचारिका आणि बँक कर्मचारी झाल्या. पहाटेच्या गाडीत त्यांच्या हाती टोपलीऐवजी पर्स आली. हे त्यांचे सुख आहे आणि त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही.

ज्यांनी लहानपणी रहाटाच्या पाटाचे पाणी वळवले, लॅटिन मिस्सा ऐकली आणि पुढे सासूबरोबर सुकेळी उन्हात मांडली, त्या स्त्रिया आता ऐंशीच्या घरात आहेत. चर्चच्या नोंदवह्यांत त्यांच्या बाप्तिस्म्याची आणि लग्नाची तारीख मिळते, त्यांच्या कामाची नोंद मिळत नाही. वसईच्या ज्या घरात अशी आजी अजून हयात असेल, त्या घरातील कोणीतरी तिच्याजवळ बसून, तिच्याच कादोडीत, तिच्या दिवसाचा क्रम पहाटेपासून लिहून घ्यावा, आणि तो याच वर्षी घ्यावा.